मध्यरात्रीची घंटा

तंजावरच्या भोसले राजांच्या छत्रांमध्ये मध्यरात्री घंटा वाजवून विचारले जाई, अजून कुणी जेवायचे राहिले आहे का? नाताळच्या सुट्टीत बेघरांच्या निवाऱ्यात चार दिवस मदतीला जावे, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी त्या घंटेची गोष्ट जरूर वाचावी.

डिसेंबरचा मध्य आला की तंजावरात मार्गळी महिना सुरू होतो. पहाटे दारोदारी मोठमोठे कोलम रेखले जातात, देवळांतून तिरुप्पावैचे सूर ऐकू येतात. शाळांच्या सहामाही परीक्षा आटोपतात आणि मुलांना नाताळची सुट्टी लागते. रामेश्वरला, वेलंकण्णीला, नागूरच्या दर्ग्याला निघालेल्या यात्रेकरूंची वर्दळ असते. थंडी म्हणाल, तर ती आपल्या नाशिक-पुण्यासारखी नव्हे. पारा विशीच्या खाली क्वचितच उतरतो. पण कावेरीच्या या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा. ज्याला डोक्यावर छप्पर नाही, त्याचे अंथरूण एकदा भिजले की रात्र बसूनच काढायची. उत्तरेत बेघर माणूस थंडीने मरतो, इथे तो पावसाने आजारी पडतो, एवढाच काय तो फरक.

याच दिवसांत अनेक घरांत विषय निघतो की, मुलांना सुट्टी आहे, यंदा काही चांगले काम करू या. कुणी घोंगड्या वाटतात, कुणी पुऱ्या-भाजीची पाकिटे करतात, कुणी निवाऱ्यात जाऊन एक दिवस वाढप करतात. हा विचार मुळात चांगला, त्याची थट्टा करू नये. प्रश्न एवढाच आहे की, २ जानेवारीला काय होते? पाकिटे संपतात, गाड्या परत जातात, मुले शाळेत जातात. निवाऱ्यातली म्हातारी तिथेच असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ते तंजावरच्याच इतिहासात आहे आणि विशेष म्हणजे ते मराठी माणसांनी लिहिलेले आहे.

राजाचे पत्र

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातला भोसले वंशाचा मराठी शिलालेख यांमुळे सरफोजी राजांचे नाव महाराष्ट्रातही अनेकांना ठाऊक आहे. पण याच राजांनी एका कामासाठी किती धडपड केली, ते फारसे सांगितले जात नाही. ते काम म्हणजे छत्रे.

छत्र हा शब्द आपल्याला अन्नछत्रामुळे परिचयाचा. तमिळमध्ये त्याचे ‘चत्तिरम’ झाले. शेजारच्या तिरुचिरापल्लीत तर एका बसस्थानकाचेच नाव ‘चत्तिरम’ आहे. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटांवर भोसले राजांनी अशी छत्रे बांधली. ओरतनाडूचे मुक्तांबाळ छत्र, नीडामंगलमचे यमुनांबाळ, राजामडमचे मोहनांबाळ, मणमेलकुडीचे द्रौपदांबाळ, मीमिसलचे राजकुमारांबाळ. नावे वाचली की लक्षात येते, ही सगळी राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे आहेत. तंजावरपासून तासाभराच्या अंतरावर असलेले ओरतनाडूचे छत्र सरफोजींनी १८०२ च्या सुमारास उभारले. मुक्तांबा ही त्यांची लग्नाची राणी नव्हे, प्रिय सहचारिणी. ती अकाली गेली. आपल्या नावाने एक छत्र असावे, अशी तिची अखेरची इच्छा होती, असे तिकडे सांगतात.

सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, कंपनी सरकारने राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. छत्रांचा खर्च त्यांना नेमून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले. आता त्या गावांचे काय होणार? राज्य गेल्याचे दुःख असणारच, पण ही छत्रे बुडू नयेत, ही राजांची मोठी काळजी होती. १८०१ मध्ये त्यांनी तंजावरचे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांत नेमके काय चालते, ते त्यात बारकाईने सांगितले आहे. तंजावरची ख्याती दानधर्मामुळे आहे, लोक याला धर्मराज्य म्हणतात आणि आपल्या पदाचा सगळ्यांत मोठा मान आपण यातच मानतो, असा त्या पत्राचा भाव आहे.

पत्रातला तपशील आज वाचला तरी थक्क व्हायला होते. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसापर्यंत प्रत्येक वाटसरूला, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्वांना तिथे शिजवलेला भात मिळे. ज्याला शिजवलेले चालत नसेल, त्याला कोरडा शिधा आणि मसाला. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई की, ज्यांचे जेवण झाले नसेल त्यांनी यावे, त्यांच्यासाठी भात तयार आहे.

छत्रात वैद्य असत. साधा ताप, सूज यांपासून सर्पदंशापर्यंत उपचार होत. वाटेत आजारी पडलेल्या माणसाला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे, आणि बरा होईपर्यंत त्याला आदराने ठेवून घेतले जाई. बाळंतिणींची काळजी घेतली जाई, तान्ह्या मुलांना दूध मिळे. परक्या मुलखातले कुणी वाटेत मरण पावले, तर त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या रीतीप्रमाणे केले जात. आणि मागे राहिलेली पोरकी मुले? ती छत्रातल्या पंतोजींच्या हवाली होत. त्यांना तिन्ही वेळचे जेवण, कपडे, ठरावीक दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणे, आजारपणात औषध, आणि ज्याला जी विद्या आवडेल तिचे शिक्षण मिळे. शिकून झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्रच करी.

आईच्या हातची माया एखाद्या संस्थेत आणायची झाली, तर ती अशी नेमून द्यावी लागते. तेल कोणत्या दिवशी लावायचे, हेसुद्धा ठरवावे लागते.

पंगतीतला भेद

या छत्रांचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. अन्न सगळ्यांना मिळे, पण त्या काळाच्या रीतीप्रमाणे पंगत एक नव्हती. पोट भरले तरी माणूस कुठे बसायचा, हे जातच ठरवी.

ही उणीव ज्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवली, ते आपल्या महाराष्ट्रातले गाडगे महाराज. पंढरीच्या वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी १९२० मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांच्या धर्मशाळा झाल्या. लाखो रुपयांच्या इमारती लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, पण स्वतः बाबा त्या छपरांखाली राहिले नाहीत. त्यांच्या हातात खराटा आणि मडक्याचे खापर, एवढाच संसार. गावात आले की आधी रस्ता झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. त्यांनी सांगितलेल्या दहा कामांत बेघरांना आसरा देणे हे एक काम आहे. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत मुंबईला उपचारांसाठी येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आधार मिळत आला आहे.

बाबांचे देहावसान झाले २० डिसेंबर १९५६ रोजी. म्हणजे त्यांची पुण्यतिथी नेमकी नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर येते. सुट्टीत सेवेला जायचे असेल, तर हातात आधी झाडू घ्यावा, ही शिकवण त्या तारखेतच आहे.

घंटा थांबली

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्र नसताना वारले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. छत्रांची मालमत्ता सरकारी कारभारात गेली. रेल्वे आली, पायी यात्रा कमी झाल्या. कुठे शाळा भरली, कुठे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले, कुठे नुसत्या भिंती उरल्या. मध्यरात्रीचा तो पुकारा मात्र बंद झाला. वाटसरू कमी झाले, हे खरे. पण निराश्रित माणूस काही संपला नव्हता.

त्याच मुलखात दुसरीकडे एक चूल पेटली, ती मात्र विझली नाही. तंजावरच्या उत्तरेला वडलूर गावी रामलिंग स्वामींनी, ज्यांना तमिळ लोक वळ्ळलार म्हणतात, १८६७ मध्ये एक धर्मशाळा सुरू केली. जातपात न विचारता भुकेल्याला जेवू घालायचे, एवढाच तिथला नेम. तेव्हा पेटवलेली चूल आजवर विझू दिलेली नाही, असे तिथे अभिमानाने सांगतात. राजाची छत्रे राजाबरोबर गेली, आणि लोकांनी शिधा घालून चालवलेली चूल राहिली. सुट्टीतल्या स्वयंसेवकाने विचार करावा, अशी ही गोष्ट आहे.

तंजावरच्या परिसराला संकटातल्या निवाऱ्याचा अनुभवही मोठा आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्सुनामीच्या लाटा आल्या. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच असलेल्या नागपट्टिणम भागात सहा हजारांवर माणसे गेली. शाळा, मंगल कार्यालये, देवळे, चर्च यांचे रातोरात निवारे झाले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ आले, तेव्हा ओरतनाडू, पट्टुकोट्टै, पेरावुरणी या भागांतल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि हजारो कुटुंबे छावण्यांत राहिली. अशा वेळी मदतीला माणसे कमी पडत नाहीत. पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग लागतात. माणसे कमी पडतात ती पुढे, बातम्या थांबल्यावर.

बेघर म्हणजे कोण?

२०११ च्या जनगणनेत घर नसलेल्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. गणना करणारे कर्मचारी पुलांखाली, फलाटांवर, देवळांच्या ओवऱ्यांत फिरले. देशात अशी १७ लाख ७३ हजार माणसे आढळली. त्यांतली निम्म्याहून अधिक शहरांत होती. तमिळनाडूत सुमारे ५१ हजार आणि आपल्या महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक.

ही सगळी माणसे भीक मागतात, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. हमाल, बिगारी, हॉटेलात भांडी घासणारे, कचरा वेचणारे, लग्नात वाढपाला जाणारे अशी कष्ट करणारी माणसे त्यांत पुष्कळ. मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे, नवऱ्याने टाकलेल्या बायका, मोठ्या इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांचे नातलग, आणि मनाचा आजार झाल्यामुळे वाट चुकलेली माणसे.

२००९ च्या डिसेंबरात दिल्लीत एक रात्र-निवारा पाडला गेला आणि कडाक्याच्या थंडीत माणसे उघड्यावर आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० मध्ये न्यायालयाने हा प्रश्न दयेवर न सोडता जगण्याच्या हक्काशी जोडला. शहरातल्या दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, आणि तो फक्त थंडीपुरता नव्हे, तर वर्षभर, रात्रंदिवस उघडा, असे सूत्र पुढे आले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात अशा निवाऱ्यांची योजना आली. माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकघर, सामान ठेवायला कुलपाची पेटी, प्रथमोपचार, असे तिचे निकष होते. चेन्नईसारख्या शहरात महापालिकेने निवारे उघडून त्यांचा रोजचा कारभार स्वयंसेवी संस्थांकडे दिला. काही निवारे खास स्त्रियांसाठी, काही मुलांसाठी, काही सरकारी इस्पितळांतल्या रुग्णांच्या नातलगांसाठी.

म्हणजे सरफोजींच्या पत्रात होते, तेच पुन्हा कागदावर आले. जेवण, औषध, शिक्षण, आणि निवाऱ्याला नेमून दिलेला पैसा.

सुट्टीत काय करावे?

आपल्या गावात असा निवारा असेल, तर सुट्टी लागण्याआधीच तिथल्या व्यवस्थापकांना भेटावे. ‘आम्ही अमुक आणणार आहोत’ असे न सांगता ‘तुम्हांला काय कमी आहे?’ असे विचारावे. डिसेंबरात घोंगड्या प्रत्येकजण आणतो. आतले कपडे, चपला, साबण, मच्छरदाण्या, चष्मे, स्त्रियांसाठी सॅनिटरी नॅपकिन कुणी आणत नाही. छत्रात भात नको असणाऱ्याला शिधा मिळे, ही गोष्ट इथे आठवावी. दोन रंगांतले शर्ट पुढे ठेवले आणि ‘कोणता हवा?’ असे विचारले, तर घेणाऱ्याचा चेहरा वेगळा दिसतो.

पहिल्या दिवशी काम मिळेल ते भांडी घासण्याचे किंवा चादरी धुण्याचे. ते आनंदाने करावे. वाढायची हौस सगळ्यांनाच असते, पातेली घासायची नसते. मुलांना बरोबर न्यायचे असेल, तर घरीच समजावून सांगावे की, आपण माणसे बघायला जात नाही. तिथल्या आजोबांना ‘तात्ता’ आणि आजींना ‘पाट्टी’ म्हणावे, आपल्याकडे ‘आजोबा’, ‘मावशी’ म्हणावे. नाव विचारावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मारावी. ‘घर का सोडले?’ हे विचारू नये. वाटले तर ती माणसे आपणहून सांगतील. फोटो काढू नयेत. आपल्या वाढदिवसाचा केक तिथे कापून टाळ्या वाजवायला लावू नयेत. मुलांबरोबर बुद्धिबळ, पल्लांकुळी असा एखादा खेळ न्यावा. खेळायला बसले की कोण देणारा आणि कोण घेणारा, हे दोघेही विसरतात.

लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने तर फार मोठे काम करता येते. आधार कार्ड, रेशन कार्ड, निराधारांचे पेन्शन, बँकेचे खाते, यांतले एकेक काम पत्त्यावाचून अडलेले असते. अर्ज भरून देणे, कचेरीत बरोबर जाणे, डॉक्टरांच्या रांगेत शेजारी उभे राहणे याला पैसे लागत नाहीत, एक सकाळ लागते.

भाषा येत असणे हेही मोठे धन आहे. मनाचा आजार झालेली माणसे रेल्वेत बसून कुठच्या कुठे जातात. त्यांची बोली कुणालाच समजत नाही, म्हणून ती ‘मुकी’ ठरतात. चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी १९९३ मध्ये ‘द बनियन’ ही संस्था सुरू केली, ती अशाच रस्त्यावरच्या स्त्रियांसाठी. आपल्याकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यातल्या घरी पोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामात गावाचे अर्धवट उच्चारलेले नाव ओळखणारा माणूस फार मोलाचा. तंजावरच्या जुन्या मराठी घरांत मराठी आणि तमिळ दोन्ही बोलल्या जातात. रामेश्वरच्या वाटेवर हरवलेल्या एखाद्या मराठवाड्यातल्या आजीशी दोन शब्द बोलायला याहून योग्य माणसे कोण?

भोगीच्या आधी

आता घंटेकडे वळू. छत्राची दारे उघडी होती, भात शिजलेला होता, तरीही मध्यरात्री पुकारा का करावा लागे? कारण सर्वांत गरजू माणूस आपणहून पुढे येत नाही. कुणी लाजतो, कुणी थकलेला असतो, कुणाला हाकलून देतील अशी भीती असते. आजही निवारा असून माणसे फुटपाथवर झोपतात. गाठोडे चोरीला जाईल म्हणून कुणी येत नाही. नवरा-बायकोला वेगळे राहावे लागेल म्हणून कुणी येत नाही. पहाटे कामाच्या नाक्यावर पोचायचे असते म्हणून कुणी येत नाही. सोबतच्या कुत्र्याला आत घेत नाहीत म्हणूनही कुणी येत नाही. निवाऱ्याचे कार्यकर्ते रात्री फेरी मारतात, तेव्हा जाणत्या स्वयंसेवकाने त्यांच्याबरोबर जावे. त्या फेरीत समजते की, नुसते छप्पर बांधून भागत नाही, बोलवायला जावे लागते. आणि एकदा बोलावून आला नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा जावे लागते.

म्हणूनच सुट्टीतली सेवा हे पहिले पाऊल समजावे. जानेवारीत संक्रांत येते, तंजावरात पोंगल येतो. त्याच्या आदल्या दिवशी भोगी. आपण त्या दिवशी तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी करतो; तमिळ घरांत जुन्या चटया, जुने सामान बाहेर काढून जाळण्याची रीत आहे. जाळण्याआधी त्यातले धड, स्वच्छ कपडे, भांडी, पांघरुणे धुऊन निवाऱ्यात पोचवता येतील. आणि त्याच दिवशी घरातल्या दिनदर्शिकेवर वर्षभराच्या बारा तारखांना खूण करता येईल. महिन्यातला एक दिवस, सबंध घराचा. कुणी अर्ज लिहील, कुणी चादरी धुवील, कुणी शिकवील. पाच घरांनी असे ठरवले, तर महिन्यात पाच दिवस झाले. तीस घरांनी ठरवले, तर निवाऱ्याचा एकही दिवस रिकामा जात नाही.

ओरतनाडूच्या छत्राला राजाने गावांचे उत्पन्न लावून दिले होते. आपल्याकडे लावून द्यायला गावे नाहीत, दिवस आहेत. आणि वडलूरची चूल सांगते की, तेवढ्याने दीडशे वर्षांहूनही अधिक काळ भागते.